झिप उघडायच्या आधी... जागा आहे का?



मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य एकाच प्रश्नात जातं : जागा आहे का? सकाळच्या लोकलमध्ये जागा, हॉस्टेलच्या खोलीत तिसऱ्या कॉटला जागा, मेसच्या टेबलावर ताट ठेवायला जागा! या लेखात मात्र मी चौथ्या जागेबद्दल सांगणार आहे, ती म्हणजे डिस्कवरची जागा.

प्रश्न अगदी साधा आहे. सीनियरने ७०० एमबीची झिप फाइल दिली. तुमच्या लॅपटॉपवर ३ जीबी मोकळी आहे. उघडायची की नाही? हॉस्टेलमध्ये याची दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, "टाक रे, बसेल!" आणि दुसरं, "दुप्पट धरून चाल." दोन्ही अंदाज आहेत आणि दोन्हीला काही आधार नाही. खरं उत्तर बहुतेक वेळा फाइलमध्येच लिहिलेलं असतं. ते कुठे असतं, कधी खोटं निघतं आणि नसलंच तर काय करायचं, एवढंच या लेखात आहे.

यात एवढं काय बिघडतं, असं वाटेल. स्वतःच्या लॅपटॉपवर फार तर एरर येईल, अर्धवट फोल्डर डिलीट केलं की झालं. पण सामायिक मशीनवर तसं नसतं. मागच्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका फायनल इयरच्या ग्रुपचं सिम्युलेशन अशाच एका मशीनवर दोन रात्री चालू होतं. त्याच डिस्कवर कुणीतरी एक मोठा डेटासेट उघडला. डिस्क भरली. उघडणाऱ्याने एरर बघितली, विंडो बंद केली आणि तो जेवायला गेला. सिम्युलेशनच्या निकालाची फाइल मात्र मधेच तुटली, आणि सबमिशन तीन दिवसांवर होतं. डिस्क भरली की चूक कुणाची आणि भोग कुणाचे, याचा काही मेळ राहत नाही. दोन मिनिटांचा हिशेब आधी केला असता तर दोन रात्री वाचल्या असत्या.

एक खुलासा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे कॉम्प्रेशनला मराठीत 'संपीडन' म्हणतात हे मला शब्दकोश उघडल्यावर कळलं. पण आपण बोलतो तसंच लिहिते. कमांडही मराठी विभागाचा मान राखून देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या इंग्रजीतच टाइप करा!

किती 'पट' होईल?

भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरं आपण लोकलच्या दारातून बघतो. आता समजा मिठाची एक रास बघून कुणी विचारलं, की यासाठी किती पाणी आटवलं? समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे ढोबळ हिशेबाने १ किलोमागे २८-२९ लिटर. पण खाडीत पावसाचं गोडं पाणी मिसळलं असेल तर हाच आकडा कुठल्या कुठे जाईल. नुसती रास बघून पाणी सांगता येत नाही, पाणी कसलं होतं तेही माहीत लागतं.

झिपचं अगदी असंच आहे. किती पट होईल हे आत काय भरलंय यावर ठरतं, आणि त्याचं कारण कॉम्प्रेशन चालतं कसं यात आहे.

लोकलमधली अनाउन्समेंट आठवा : "पुढील स्टेशन मीरा रोड, अगला स्टेशन मीरा रोड..." यातला 'स्टेशन मीरा रोड' हा तुकडा दोनदा आला. दुसऱ्यांदा तो पूर्ण लिहायची गरजच नाही. "५६ बाइट मागे जा आणि तिथून ४२ बाइट उचल" एवढी सूचना लिहिली की काम झालं. ४२ बाइटांच्या जागी दोन-तीन बाइट! (५६ आणि ४२ हे आकडे मी खरंच मोजले आहेत, कसे ते पुढे येईलच.) अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या दोघांनी १९७७ साली ही युक्ती मांडली. पुढे फिल कॅट्झने १९८९ मध्ये झिप फॉरमॅट आणला, आणि 'पुनरुक्ती काढा, मग वारंवार येणाऱ्या खुणांना छोटे कोड द्या' अशा जोडीला डिफ्लेट हे नाव मिळालं. आजही झिप आणि जीझिप या दोन्हींच्या पोटात सहसा डिफ्लेटच असतं.

म्हणजे जिथे पुनरुक्ती जास्त तिथे पट जास्त. ढोबळ मानाने :

– साधा इंग्रजी मजकूर, प्रोग्रामचा सोर्स कोड : ३ ते ४ पट.
– सर्व्हरचे लॉग, सेन्सरचे आकडे, सीएसव्ही फाइल्स : ५ ते २० पट, कधी आणखी जास्त.
– जेपेग फोटो, एमपीथ्री गाणी, एमपीफोर व्हिडिओ : जवळपास १ पट, कारण ते आधीच दाबलेले असतात. पिळलेल्या उसातून पुन्हा रस निघत नाही.

याला वरची मर्यादा आहे का? डिफ्लेटला आहे, आणि ती कागदावर काढता येते. एका सूचनेत जास्तीत जास्त २५८ बाइट उचलता येतात. अशी सूचना लिहायला कमीत कमी २ बिट लागतात, एक लांबीसाठी आणि एक अंतरासाठी. २ बिटांत २५८ बाइट, म्हणजे ८ बिटांत, अर्थात १ बाइटात, १०३२ बाइट. डिफ्लेटचा एक प्रवाह १०३२ पटीच्या वर फुगूच शकत नाही.

आता आपली ७०० एमबीची फाइल घ्या. उघडल्यावर ती कमीत कमी साधारण ७०० एमबी आणि जास्तीत जास्त ७,२२,४०० एमबी, म्हणजे ७०५ जीबी! गणित बरोबर आहे पण उपयोग शून्य. म्हणून नुसत्या साइजवरून अंदाज करणं सोडून द्या.

मराठी फाइल वेगळी का वागते?

हा भाग मला सगळ्यात आवडला. 'भाईंदर' हा शब्द युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत साठवायला १८ बाइट लागतात. त्याच गावाचं इंग्रजी स्पेलिंग ९ अक्षरांचं, म्हणून ९ बाइट. असं का? यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ लागतात. आणि खूण म्हणजे नुसतं अक्षर नाही : काना, मात्रा, अनुस्वार, हलंत या सगळ्या वेगळ्या खुणा. भाईंदर म्हणजे भ, काना, ई, अनुस्वार, द, र. सहा खुणा, तिनाने गुणलं की १८. (मघाचे ४२ बाइट आता मोजून बघा : 'स्टेशन'चे १८, 'मीरा'चे १२, 'रोड'चे ९ आणि तीन मोकळ्या जागांचे ३. 'अगला'चे १२, स्वल्पविराम १ आणि त्यानंतरची मोकळी जागा १, हे त्यात मिळवले की ५६.)

पण या तीन बाइटांमध्ये खरी माहिती थोडीच असते. देवनागरीच्या प्रत्येक खुणेचा पहिला बाइट २२४ च असतो. दुसरा बाइट १६४ नाहीतर १६५. बदलतो तो मुख्यतः तिसरा. म्हणजे मराठी फाइल 'दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट' असा जप करत असते, आणि पुनरुक्ती हे तर कॉम्प्रेशनचं खाद्य! त्यामुळे सारख्याच मजकुराची मराठी फाइल इंग्रजीपेक्षा बरीच मोठी असते, पण झिप केल्यावर तो फरक खूप कमी होतो.

याचा आपल्या हिशेबाशी संबंध काय? सरळ आहे. इंग्रजी मजकुराचा अनुभव धरून मराठी झिपचा अंदाज केलात तर तो कमी पडणार, कारण मराठी जास्त पट फुगते. जुन्या 'शिवाजी'सारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल्सचं गणित परत वेगळं. तिथे दर खुणेला एकच बाइट असायचा, म्हणून त्या युनिकोडइतक्या फुगत नाहीत. मासिकाचे जुने अंक आणि नवे अंक एकाच झिपमध्ये असले तर कुठलाच एक 'पट' लागू पडणार नाही.

फाइललाच विचारा

आता मुद्द्यावर. प्रत्येक फॉरमॅटची उघडल्यानंतरची साइज लिहून ठेवायची जागा वेगळी.

झिप : ही शहाणी फाइल. तिच्या शेवटी एक अनुक्रमणिका असते आणि त्यात आतल्या प्रत्येक फाइलचं नाव, दाबलेली साइज आणि मूळ साइज लिहिलेली असते. 'अनझिप -एल' आणि पुढे फाइलचं नाव दिलं की यादी येते. शेवटच्या ओळीत एकूण बाइट आणि एकूण फाइल्स. दोन्ही आकडे टिपून ठेवा, पुढे लागतील. विंडोजमध्ये झिपवर डबल क्लिक करून डिटेल्स व्ह्यू लावला की मूळ साइजचा कॉलम दिसतो. एक गंमत : अनुक्रमणिका शेवटी असल्यामुळे अर्धवट डाउनलोड झालेल्या झिपची यादीच दिसत नाही. यादी आली नाही तर आधी डाउनलोड पूर्ण झालाय का ते बघा.

सेव्हन-झेड आणि रार : यांच्यातही साइज नोंदवलेली असते. सेव्हन-झिप किंवा विनरारमध्ये फाइल नुसती उघडून (एक्स्ट्रॅक्ट न करता!) बघितली की कळते.

एक्सझेड : 'एक्सझेड -एल' केलं की ही फाइल आपल्या शेवटच्या नोंदीतून मूळ साइज सांगते.

झेडस्टँडर्ड : साइज लिहिण्याची सोय आहे, सक्ती नाही. फाइलवरून बनवलेली असेल तर सहसा असते. पाइपमधून बनवलेली असेल तर बहुधा नसते, कारण लिहायला सुरुवात करताना शेवट कुठे आहे हे माहीतच नसतं.

बीझिप-२ : ही मौनव्रतवाली! सुरुवातीला फक्त ठोकळा किती मोठा (१०० ते ९०० केबी) एवढं सांगते. एकूण साइज कुठेच लिहिलेली नसते. आणि हे आपल्या घरचंच उदाहरण आहे. १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्रदिनी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा सगळा मजकूर कुणालाही डाउनलोड करता येतो, आणि लेखांची ती मोठी फाइल बीझिप-२ मध्येच मिळते. एनएलपीचा प्रोजेक्ट घेतलेल्यांना ती लागतेच. आत सगळा देवनागरी मजकूर, म्हणजे इंग्रजीवरून केलेला अंदाज चालणार नाही, आणि फाइल स्वतःही काही बोलत नाही! अशा वेळी काय करायचं ते थोडं पुढे सांगते.

जीझिप : हिच्यासाठी वेगळा मथळा हवा.

चार जीबीचं मीटर

जुन्या स्कूटरचं किलोमीटर दाखवणारं मीटर आठवतंय? ९९९९९ नंतर परत ०००००. स्कूटर किती पळाली ते तिला माहीत, मीटरला नाही.

जीझिप फाइलचे शेवटचे ४ बाइट म्हणजे असंच मीटर आहे. हा फॉरमॅट ठरला तेव्हा मूळ साइज ४ बाइटांत लिहायची असं ठरलं. ४ बाइटांत मोठ्यात मोठा आकडा बसतो ४,२९,४९,६७,२९५. त्यानंतर पुन्हा शून्य. म्हणजे मूळ फाइल ९.५ जीबी असेल तर ४ जीबी दोनदा वजा होऊन तिथे १.५ जीबी लिहिलं जातं.

आता दोन प्रसंग बघा. दाबलेली फाइल २ जीबीची आणि 'जीझिप -एल' म्हणते आत १.५ जीबी आहे. मूळ फाइल दाबलेल्यापेक्षा लहान? लगेच शंका येईल. पण दाबलेली फाइल ९०० एमबीची असेल तर १.५ जीबी हे उत्तर पटण्यासारखं आहे, आणि फसतो तो इथेच. खरं उत्तर १.५, ५.५, ९.५, १३.५ यांपैकी काहीही असू शकतं.

दुसरी मेख अशी, की दोन जीझिप फाइल्स एकापुढे एक जोडल्या तरी ती वैध जीझिप फाइल होते. रोजचे लॉग असे जोडलेले सापडतात. तिथे शेवटचे ४ बाइट फक्त शेवटच्या तुकड्याबद्दल बोलतात.

२०२२ मध्ये आलेल्या जीझिप १.१२ पासून 'जीझिप -एल' शेवटचे बाइट वाचत नाही, आतून पूर्ण फाइल उलगडून खरी मोजणी करते. उत्तर यायला वेळ लागतो पण ते बरोबर येतं. तुमच्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे ते 'जीझिप --व्हर्जन' करून बघा. १.१२ च्या आधीची असेल तर मोठ्या फाइलच्या बाबतीत तिच्या शब्दावर विश्वास ठेवू नका.

मोजा, पण लिहू नका

फाइल सांगत नाही, किंवा खोटं सांगत असेल अशी शंका आहे. मग एक खात्रीचा उपाय उरतो. फाइल उलगडायची पण डिस्कवर लिहायचीच नाही! एका कमांडमधून बाहेर पडणारे बाइट पाइपने दुसऱ्या कमांडला द्यायचे आणि तिने ते नुसते मोजायचे.

लिनक्सवर : 'झेडकॅट', फाइलचं नाव, पाइपची उभी रेघ, 'डब्ल्यूसी -सी'. बीझिप-२ साठी 'बीझेडकॅट', एक्सझेडसाठी 'एक्सझेडकॅट', झेडस्टँडर्डसाठी 'झेडस्टडकॅट', पुढचं सगळं तेच.

रेल्वेच्या पुलावर उभं राहून जाणारी माणसं मोजण्यासारखं आहे हे. मोजणाऱ्याला सगळ्यांना घरी जेवायला बोलवावं लागत नाही. ५० जीबी बाहेर पडणार असले तरी मेमरीत एका वेळी छोटासाच तुकडा असतो, आणि डिस्कवर एक बाइटही जात नाही. खर्च होतो फक्त वेळ. मोठ्या फाइलला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो.

बाइट म्हणजे जागा नव्हे

समजा मूळ साइज कळली. तेवढी जागा असली की झालं? नाही! इथे चार गोष्टी वाढतात.

पहिली, क्लस्टर. डिस्क जागा बाइटांनी देत नाही, ठोकळ्यांनी देते. विंडोजच्या एनटीएफएसवर आणि लिनक्सच्या ईएक्सटी-४ वर हा ठोकळा सहसा ४ केबीचा असतो. ३२ जीबीपर्यंतचा पेनड्राइव्ह विंडोजने एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला तर सहसा ३२ केबीचा. फाइल १ बाइटाची असली तरी पेनड्राइव्हवर ती पूर्ण ठोकळा अडवणार. दादरहून येताना चार सीटांवर एकटा पाय पसरून बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा.

हिशेब करू. इमेज प्रोसेसिंगच्या डेटासेटमध्ये २०,००० छोटे फोटो आहेत, प्रत्येकी दीड केबी. बेरीज ३०,००० केबी, म्हणजे साधारण २९ एमबी. ४ केबीच्या ठोकळ्यांवर ८०,००० केबी, म्हणजे ७८ एमबी. ३२ केबीच्या ठोकळ्यांवर ६,४०,००० केबी, म्हणजे ६२५ एमबी! डेटा तोच, डिस्क बदलली. फाइल्स ठोकळ्यापेक्षा मोठ्या असतील तर सोपा नियम असा : दर फाइलमागे सरासरी अर्धा ठोकळा वाया जातो. म्हणूनच मघाशी फाइल्सची संख्या टिपायला सांगितली होती.

दुसरी, झिप स्वतः. उघडताना मूळ झिपही तिथेच असते. जागा दोघांना लागते. काही सॉफ्टवेअरमध्ये फाइल माउसने ओढून बाहेर टाकली तर ती आधी टेम्प फोल्डरात उलगडते आणि मग ठरल्या जागी कॉपी होते. म्हणजे पेनड्राइव्हवर भरपूर जागा असूनही सी ड्राइव्ह भरल्याची एरर येऊ शकते. ओढण्याऐवजी 'एक्स्ट्रॅक्ट टू' वापरून थेट जागा सांगा.

तिसरी, दोन तऱ्हेचे जीबी. पेनड्राइव्ह बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पाढ्याने १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. म्हणून १६ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये १४.९ जीबीच दिसतो. दुकानदाराने फसवलेलं नाही. पण हिशेब करताना दोन्ही आकडे एकाच पाढ्यात आणा.

चौथी, जागा असूनही 'जागा नाही'. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही, मग ड्राइव्ह पूर्ण रिकामा असला तरी. झिप २ जीबीची असते, मजेत कॉपी होते, आतली ६ जीबीची फाइल मात्र बाहेर येत नाही. लिनक्सवर याचा चुलतभाऊ म्हणजे आयनोड. ईएक्सटी-४ फॉरमॅट करताना सहसा दर १६ केबीमागे एक आयनोड ठेवला जातो, आणि प्रत्येक फाइलला एक लागतो. लाखो चिमुकल्या फाइल्स उलगडल्या तर आयनोड आधी संपतात. 'डीएफ -एच' जागा दाखवतं, 'डीएफ -आय' आयनोड. सामायिक मशीनवर दोन्ही बघा.

आता एक पूर्ण गणित. झिप १.९ जीबी, यादीनुसार आत ६.२ जीबी, फाइल्स ४८,०००. सगळं १६ जीबीच्या एक्सफॅट पेनड्राइव्हवर करायचंय, ठोकळा ३२ केबी.

आतला मजकूर : ६.२ जीबी
वाया जाणारी जागा, ४८,००० × १६ केबी : साधारण ०.७ जीबी
झिप स्वतः : १.९ जीबी
बेरीज : ८.८ जीबी
वर दहा टक्के सैल : साधारण ९.७ जीबी

हातात १४.९ जीबी आहेत. रिकामा असेल तर खुशाल उघडा. त्यात आधीच ६ जीबीचे सिनेमे असतील तर आधी सिनेमे हलवा.

खोट बोलणाऱ्या फाइल्स

'४२ डॉट झिप' नावाची एक कुप्रसिद्ध फाइल आहे. साइज ४२,३७४ बाइट, म्हणजे एका फोटोपेक्षाही कमी. आत १६ झिप, प्रत्येकीत परत १६, असे पाच थर, आणि तळाशी जवळपास ४.३ अब्ज बाइटांची एकेक फाइल. १६ चा पाचवा घात गुणिले ४.३ अब्ज... साडेचार पेटाबाइट! मघाशी १०३२ पटीची मर्यादा काढली होती, ती कुठे गेली? ती एका थरासाठी आहे. थरावर थर चढवले की ती दर थराला नव्याने लागू होते.

यातला धडा रोजच्या कामाचा आहे. यादी फक्त बाहेरचा थर दाखवते. यादीत आणखी झिप किंवा जीझेड दिसल्या तर आलेली बेरीज अपुरी आहे, त्यांचा हिशेब वेगळा करा.

२०१९ मध्ये डेव्हिड फायफिल्डने एकाच थरात हे करून दाखवलं. साधारण १० एमबीच्या झिपमधून २८१ टेराबाइट. युक्ती अशी की अनुक्रमणिकेतल्या अनेक नोंदी आतल्या एकाच डेटाकडे बोट दाखवतात. इथे निदान यादी बघितली तरी आकडा डोळे विस्फारतो.

सबमिशनच्या झिप स्वीकारणारं पोर्टल कुणी प्रोजेक्ट म्हणून बनवत असेल (सर-मॅडम, हे तुमच्यासाठीही) तर झिपमध्ये लिहिलेल्या साइजवर विसंबू नका. तो आकडा समोरच्याने लिहिलेला आहे, आणि तो मुद्दाम चुकीचा लिहिता येतो. उलगडताना बाइट मोजत राहा आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की थांबा.

थोडक्यात

१. साइजवरून अंदाज नको. आधी यादी काढा, एकूण बाइट आणि एकूण फाइल्स टिपा.
२. जीझिप जुनी असेल, बीझिप-२ असेल किंवा शंका असेल तर पाइपने मोजा, लिहू नका.
३. यादीत झिपच्या आत झिप आहे का ते बघा.
४. फाइल्स × अर्धा ठोकळा मिळवा. फाइल्स अगदी चिमुकल्या असतील तर फाइल्स × पूर्ण ठोकळा हीच खरी जागा धरा.
५. झिपची स्वतःची साइज मिळवा, वर दहा टक्के सैल ठेवा.
६. मशीन सामायिक असेल तर दुसऱ्या कुणाचं काही चालू आहे का ते विचारा. 'डीएफ' हे सांगत नाही, शेजारी बसलेला सांगतो.

शेवटी एक विनंती, विशेषतः सीनियर मंडळींना. पुढच्या बॅचला प्रोजेक्ट देताना झिपच्या बाजूला एका ओळीची टेक्स्ट फाइल ठेवा : "उघडल्यावर ६.२ जीबी, फाइल्स ४८,०००, आत आणखी झिप नाहीत." ही ओळ लिहायला तुम्हाला अर्धा मिनिट लागेल, कारण ते फोल्डर तुमच्या समोर उघडंच असतं. घेणाऱ्याला हेच शोधायला वरचे सहा मुद्दे लागतात.